खुर्ची शेजारच्या चाळीत गेली तेव्हा

आज अक्षर वाकडं येतंय, तरी लिहून ठेवते.

आमचे मालक कांद्याचे व्यापारी. पुणतांब्याच्या रस्त्याला आमच्या कांदा साठवायच्या दोन कांदाचाळी शेजारी शेजारी आहेत. लढाई सुरू झाली तेव्हा लष्कराची एक तुकडी आमच्या बाजूला उतरली आणि सामानाच्या पेट्या ठेवायला त्यांनी रस्त्याकडची चाळ ताब्यात घेतली. पोरं भली होती. मला माताजी म्हणायची. पेट्यांना धूळ लागू नये, उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांनी चाळीच्या फटीफटींच्या भिंती विटांनी बंद केल्या, खालची मोकळी जागा मुरुमानं भरली, वर सिमेंट केलं. लढाई थांबली, ती गेली, आणि कांद्याच्या काही उपयोगाची नाही अशी एक सुरेख खोली आमच्याकडे राहिली.

मालकांनी भरपाईचा अर्ज केला. पण पाहणी होईपर्यंत एक वीटही हलवायची नव्हती. इकडे उन्हाळी कांदा निघायला लागला. शेतकऱ्यांना माल घेण्याचा शब्द दिलेला, आणि ठेवायला निम्मीच जागा. बाजारात लोक चिडवायचे, "फुकट बंगला बांधून मिळाला, वर पैसं बी पायजेत व्हय?" मालक तिथे हसायचे आणि घरी आले की ताटावरून अर्धपोटी उठायचे.

आज भर दुपारी पाहणीचे साहेब आले. नुकसान डोळ्यांसमोर असावं म्हणून मालकांनी खुर्च्या त्याच बंद चाळीत मांडल्या होत्या. साहेबांनी भिंतीवर हात फिरवला, बुटानं जमीन ठोकून पाहिली.

"शेठ, यात मोडलंय काय? हे तर पहिल्यापेक्षा पक्कं झालंय."

मालक समजावू लागले, कांद्याला खालून वारा कसा लागतो, वारा नसला तर माल कसा सडतो. त्यांचा आवाज चढत गेला आणि साहेब कागदांकडे बघत राहिले. मी चहा घेऊन दाराशी उभी. परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही. लग्नातला उखाणासुद्धा माझ्या वतीनं नणंदेनं घेतला होता.

साहेबांनी चहाचे दोन घोट घेतले आणि रुमाल काढला. कपाळ पुसलं, मान पुसली. वर पत्रा तापलेला, वाऱ्याला कुठून वाट नाही. शेवटी एका हातात कप, दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन ते शेजारच्या चाळीत जाऊन बसले. तिथे फळ्यांच्या फटींतून वारा खेळत होता.

"इथं बरं आहे," म्हणाले.

मी ट्रे घेऊन तिकडे गेले. मालकांना काहीच उमगलं नव्हतं, ते मागोमाग येऊन वाऱ्याचंच सांगत होते. मी पदर सावरला.

"साहेब, तुमी उठून हितं आलात. कांद्याला उठून येता येत न्हाई."

साहेबांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्या चाळीकडे, आणि हसायलाच लागले.

"शेठ, मघाशीच यांना का नाही बोलू दिलं?"

"मला तरी कुठं ठावं हुतं, ही बोलती म्हनून?"

साहेबांनी फोटो काढले आणि कागदावर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: चाळ कांदा साठवणुकीस निकामी झाली आहे. भरपाई किती आणि कधी ते वरचे ठरवतील, पण तोडफोड आजपासून करा, म्हणाले. जाताना माझ्याकडे वळून, चहा चांगला होता असंही म्हणाले.

गाडी वळली न वळली तोच मालकांनी पहार आणली. विटा चांगल्या आहेत, न्हाणीघराला होतील, असं म्हणत त्यांनी एक वीट खिळखिळी केली आणि मला हाक मारली. ती मीच ओढून काढली. मग त्या भोकाला गाल लावून उभी राहिले. पलीकडून वारा आला.