पैसे कुंडीचे, वेल चोरून न्या

त्या संक्रांतीला मी हळदीकुंकवात वाण म्हणून मनी प्लांट दिले आणि उज्जैनमधल्या माझ्या ओळखीच्या समस्त बायकांना पेचात टाकलं.

मी स्वतःवर इतकी खूश होते म्हणून सांगू! दरवर्षी तेच स्टीलचे चमचे, त्याच प्लास्टिकच्या डब्या. माझ्याकडे गच्चीवर दोनशेच्या वर कुंड्या होत्या. नवरा बँकेत, बदलीमुळे आम्ही उज्जैनला आलेलो, आणि तिथल्या सहा वर्षांत मी फक्त स्वतःसाठी असं जे काही केलं होतं ते सगळं त्या गच्चीवर होतं. क्रोटन, फर्न, रंगीत पानांची कोलियस, आणि सगळ्यात जास्त मनी प्लांट. त्याचा दोन पेरांचा तुकडा पाण्यात ठेवला की मुळं फुटतात, आणि तुकडा फेकून देणं माझ्या जिवावर येतं. मुळं फुटवायला मी भंगारवाल्याकडून दारूच्या रिकाम्या बाटल्या आणायचे. त्यामुळे कधी सुपारीही न खाणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे गल्लीतले लोक फार सहानुभूतीनं बघायचे.

तर मी चाळीस छोट्या कुंड्यांना गेरू लावला, वर पांढरी नक्षी काढली, प्रत्येकीत एक वेल लावली. बायका आल्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं, मी कुंड्या वाटायला घेतल्या आणि एकेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अय्या, किती गोड!" म्हणत प्रत्येकीनं कुंडी हळूच खुर्चीखाली सरकवली. कुणी म्हणाली, टेम्पोत कशी धरू, कुणी म्हणाली, उद्या ह्यांना पाठवते. सगळ्या गेल्यावर बघते तर व्हरांड्यात अडतीस कुंड्या तशाच. आणि फाटकावर मी तीन वर्षं वाढवलेली मनी प्लांटची जुनी वेल अक्षरशः बोडकी झालेली! जाता जाता प्रत्येकीनं एकेक शेंडा खुडून नेला होता. एका ठिकाणी तर दातांच्या खुणा होत्या.

मी फाटकाशी उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होते. आमच्या मकानमालकीणबाई वरच्या जिन्यात उभ्या राहून पोट धरधरून हसत होत्या.

"अरे, मनी प्लांट भी कोई देता है क्या? दिया हुआ नहीं फलता, खरीदा हुआ भी नहीं फलता। चुराया हुआ ही फलता है। इतना भी नहीं मालूम?"

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या माहेरी झाडं फुलांसाठी लावायचे, पैशांसाठी नाही.

"और अपने हाथ से चालीस घरों को बाँट दिया! साहब की नौकरी सँभालना," असं म्हणून त्यांनी आणखी हसून घेतलं. मग डोळे पुसून, त्याच आवाजात म्हणाल्या, "और सुनो, होली तक छत खाली कर दो। मेरी रसोई टपक रही है।"

ह्याआधी त्या तीनदा बोलल्या होत्या, पण तारीख पहिल्यांदाच आली होती. त्यांच्या स्वैपाकघराच्या छताला ओल आली होती आणि ती माझ्या कुंड्यांमुळेच आली होती, हे मलाही कळत होतं. नवरा म्हणाला, "शाळेला देऊन टाकू या. चांगलं काम होईल." त्याचं बरोबर होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी पदर खोचला आणि रोपांच्या दुकानासाठी जागा शोधायला फ्रीगंजच्या बाजारात गेले.

ती वर्षंच अशी होती की फ्रीगंजमध्ये दर महिन्याला एखाद्या दुकानाला काचेचं दार लागायचं. एसटीडी बूथ, ब्यूटी पार्लर, कॉम्प्युटर क्लास. सगळ्यांनाच अचानक पैसा कुठंतरी जवळपास आल्यासारखा वाटत होता, आणि प्रत्येकाला काउंटरवर एखादं हिरवं झाड हवं होतं. मी मनात म्हटलं, बाई, हीच वेळ आहे. भैरवगढच्या छापील चादरींचं एक जुनं दुकान होतं. त्याच्या बाजूला भिंतीलगत एक लांबट पट्टी रिकामी पडली होती. ऊन फक्त सकाळचं, कोपऱ्यात नळ. पानांच्या झाडांना ह्याहून चांगली जागा स्वर्गातही मिळाली नसती.

दुकानाचे मालक म्हातारे होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. बोलायचे हिंदीत, पण मराठी त्यांना सगळं कळायचं. उमेदीची वर्षं कापडावर रंगाचे ठसे मारण्यात गेल्यामुळे त्यांची नखं कायमची काळपट लाल झाली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "बहनजी, पहले घर से चलाकर दिखाइए। चला तो जगह आपकी।"

मग दर रविवारी मी घराच्या फाटकाशी कुंड्या मांडून बसायला लागले. क्रोटन गेले, फर्न गेले. मनी प्लांटला मात्र कुणी हात लावेना. लोक यायचे, कौतुक करायचे, किंमत विचारायचे, सुस्कारा टाकून निघून जायचे. आणि सोमवारी सकाळी वेली आखूड झालेल्या असायच्या! गच्चीवरच्या निम्म्या कुंड्या मनी प्लांटच्याच होत्या. त्या खपल्या नाहीत तर माझं दुकान होणार कसं? होळीला पाच आठवडे उरले होते.

एका दुपारी मी खिडकीच्या पडद्याआड दबा धरून बसले. टाय लावलेला एक गृहस्थ स्कूटर चालू ठेवूनच उतरला आणि खिशातून नेलकटर काढून माझी वेल कापायला लागला. मी बाहेर येऊन अशी काही ओरडले की त्याची स्कूटर आडवी झाली. बिचारा म्हणाला, "मैडम, गमले के पैसे ले लीजिए, जितने चाहें ले लीजिए। बस बेल के मत लीजिए। नया दफ्तर खोला है। हाथ जोड़ता हूँ।"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला हसू फुटलं ते आवरेना. त्याला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी त्याला कुंडी दिली, माती दिली, नारळाच्या जटा गुंडाळलेली काठी दिली, त्या सगळ्याचे पैसे घेतले आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. "आता चोरा," म्हटलं. "माझं लक्ष नाही."

पुढच्या रविवारी फाटकावर पाटी लागली: पैसे गमले के। बेल चुराकर ले जाइए।

आणि काय सांगू, लोक लोटले! खिळ्याला दोरीनं कात्री बांधली होती. गिऱ्हाइकानं कुंडी निवडायची, पैसे द्यायचे, मग मी समोरच्या कडुलिंबाकडे तोंड करायचे आणि मागे कचकच व्हायची. राम घाटाच्या वाटेवरच्या नारळवाल्यांकडून मी पोत्यांनी जटा आणायला लागले. एक कापडवाले शेठ तर घाटावरच्या पंडितजींकडून चोरीचा मुहूर्त काढून आले आणि अकरा वाजून सात मिनिटं होईपर्यंत मला कडुलिंबासमोर ताटकळत ठेवलं. एका पार्लरवालीनं वेल कापली आणि तिथंच घुटमळली. म्हणाली, "थोड़ा डाँटिए ना भाभीजी, नहीं तो चोरी जैसा लग नहीं रहा।" मी तिला मनापासून शिव्या घातल्या. ती तृप्त होऊन गेली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही एकेक करून परत आल्या. "वहिनी, मी त्या दिवशी नेली ना, ती वेल जरा पिवळी पडतेय. पाणी फार होतंय का हो?" आपल्या वस्तूची चोरी झाल्यावर चोराला सल्ला देण्यात काय मजा असते, हे ज्याला माहीत नाही त्यानं आयुष्यात काही पाहिलं नाही.

माझा नवरा बँकेतला अत्यंत सरळ माणूस. पहिल्या रविवारी तो लाजून घरातच बसला. तिसऱ्या रविवारी तोही माझ्या शेजारी कडुलिंबाकडे तोंड करून उभा होता.

होळीच्या आधीच्या आठवड्यात मी नाचतच चाचांकडे गेले. सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"बहनजी, बाप के ज़माने की दुकान है। यहाँ से आज तक किसी ने एक रूमाल नहीं उठाया। और आप कहती हैं, रोज़ यहाँ चोरी हो और मैं बैठा देखूँ?"

मी खूप समजावलं. पैसे आधी घेते, नुसती रीत आहे, कुणाचं नुकसान नाही. ते मान हलवत राहिले. "बच्चे देखेंगे तो क्या सीखेंगे?" चार दिवस उरले होते, मकानमालकीणबाईंनी गवंडी ठरवला होता, आणि मला दुसरी जागा परवडणार नव्हती. शेवटी मी एवढंच म्हटलं, "रविवार को आकर एक बार देख तो लीजिए. उसके बाद ना कहेंगे तो मैं दोबारा नहीं पूछूँगी।"

ते आले. धुतलेला कुर्ता, हातात छत्री. नवऱ्यानं त्यांना फाटकाच्या आत खुर्ची दिली, चहा दिला. ते ताठ बसून सगळ्यांकडे बघत होते, आणि गिऱ्हाइकं त्यांना बघून बाहेरूनच परत फिरत होती. तासाभरात एकही कुंडी गेली नाही.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सुती नऊवारी, चष्म्याला दोरी. त्यांनी सगळ्यात लहान कुंडी निवडली, मोजून पैसे दिले आणि कात्री हातात घेतली. मी आणि नवरा पाठ करून उभे राहिलो.

कचकच ऐकू येईना.

"माझ्यानं नाही व्हायचं गं," त्या मागून म्हणाल्या. "मुलानं कॉम्प्युटर क्लास काढलाय. माझा फंड घातलाय त्यात. दोन महिन्यांत एक मुलगी आली, तीही सोडून गेली. म्हणून म्हटलं... पण जन्मभर मुलींना एकच सांगत आले. आणि हे गृहस्थ समोर बसून बघतायत."

त्यांचा आवाज चिरकला होता, आणि माझं दुकान होईल की नाही हे मी त्या क्षणी साफ विसरले होते. मला फक्त एवढंच वाटत होतं की ह्यांनी रिकाम्या हातानं जाऊ नये.

मग फरशीवर खुर्ची घासल्याचा आवाज आला. मला राहवलं नाही म्हणून मी मान वळवली. चाचा उठले होते. चहाचा कप एका हातात सांभाळत त्यांनी दुसऱ्या हातानं खुर्ची फिरवली, आमच्या घराच्या भिंतीकडे तोंड केलं आणि सावकाश बसले. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. ते अगदी लक्ष देऊन बघत राहिले.

मी घाईनं कडुलिंबाकडे वळले. मागे कात्री वाजली. एकदाच, खूप जपून. बाईंच्या चपलांचा आवाज फाटकाबाहेर गेला, पुढे रस्त्यावर गेला, तरी आम्ही तिघंही तसेच पाठमोरे.

"बहनजी," भिंतीकडेच बघत चाचा म्हणाले, "सामान कब ला रही हैं?"