चौदा उपकरणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं मोठं काही नाही, असं स्वतःला पटवत आलो — पण मोठं नसतं, तर तीन वर्षं लपवलं असतं का?

त्या वर्षी गणपतीला आमच्या पोलादपूरच्या घरी चोवीस माणसं होती. वायफायचा पासवर्ड मीच सगळ्यांना दिला. हौसेनं. विसर्जनानंतर मंडळी गेली आणि मी राउटरवर आजवर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. एकोणीस उपकरणं. आमची पाच. उरलेली चौदा मी ब्लॉक केली. पासवर्ड बदलला असता, तर पुढच्या वेळी नवा द्यावा लागला असता. ब्लॉक केलेलं कुणाला कळत नाही. त्या चौदांत कुडपणच्या माझ्या थोरल्या भावाचा फोन होता. त्यावर त्यांचं नाव होतं. ते वाचून मी तो ब्लॉक केला.

महिन्याभरानं दादा त्यांच्या मुलीला, सायलीला, घेऊन सकाळी साडेनऊला आले. अकरा वाजता तिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती — नोंदवलेल्या लॅपटॉपवरूनच द्यायची. कुडपणला तेवढं नेट मिळत नाही.

लॅपटॉप जोडला जाईना. मी राउटर बंद करून चालू केला, दोनदा. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. मोबाईलचा हॉटस्पॉट दिला — आमच्याकडे रेंजची एकच काडी, पान अर्ध्यावर थांबलं.

दहा वीसला मला ती यादी आठवली. गणपतीत सायलीनं हा लॅपटॉपही जोडला होता; तोही त्या चौदांत होता.

चाळीस मिनिटं होती. काम एका मिनिटाचं. मग अडलं काय? राउटरचं पान मी बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर उघडत असे, आणि दादा त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसले होते. यादीत त्यांना स्वतःचं नाव दिसलं असतं. त्यांना चहाला आत पाठवता आलं असतं — हो, तेही सुचलं होतं. पण मी ते आपणहून उठण्याची वाट बघत राहिलो. आणि वाट बघताना बोललो.

"माझा फोन तर चालतोय. म्हणजे दोष लॅपटॉपचाच. घाटात आदळला असेल."

"नाय ओ काका, मांडीवर घेऊन आले मी."

"कसली मांडीवर? एसटीत झोपली होतीस गो तू," दादा म्हणाले. "काल सांगत होतो, नीट गुंडाळ. ऐकायचं नाय!"

सव्वाअकराला परीक्षेचा प्रवेश बंद झाला. ते दोघं गेल्यावर मी चौदाही उपकरणं मोकळी केली. ती परीक्षा पुन्हा झाली नाही. सायली आता मुंबईत एका दुकानात बिलं करते.

त्याच दिवाळीत ती एकटी आमच्याकडे आली होती. लॅपटॉप उघडला आणि लगेच जोडला गेला.

"महाडला दाखवला, काका. दुकानवाला म्हणाला, काय झालेलंच नाय. पण तुम्ही सांगितलेलंत ना, म्हणून सगळं पुसून नव्यानं घालून घेतलं. फोटो गेले सगळे. पण चालला बघा."

"बघ," मी म्हणालो, "मी म्हटलं होतं ना."

परीक्षेच्या दिवशी निदान दादा समोर होते. या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मला कुणी काही विचारलेलं नव्हतं.