चौथ्या संगणकावरचं शेपूट

वान्कायो शहरात आमच्या पाणीपुरवठा कार्यालयासमोर नेलिदाबाईंचं इंटरनेट केंद्र आहे. आठ संगणक, प्लायवूडचे आडोसे, दाराशी उकडलेल्या मक्याची टोपली. वर्तमानपत्रं वाचायला मी तिथे जातो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तिथे माउसचा बाण कधी साधा नसायचा. बाईंची मुलगी येनी एकेक ठिपका भरून तो स्वतः काढायची. बाणाच्या जागी हमिंगबर्ड, टोकाला चोच. दुव्यावर उमटणारा हात बाईंचाच, मनगटाला लाल दोरा. वाळूच्या घड्याळाऐवजी स्वतःभोवती फिरणारा गिनिपिग. पोरं ओरडायची, "बाई, गिनिपिग नुसता फिरतोय, खायला घाला त्याला!"

माझ्या बाणाला तिने चष्मा लावला होता.

"आता तरी नीट नेम धरा, साहेब," बाई म्हणायच्या. "कुठेही क्लिक करता."

पोरं संगणकात काहीबाही भरतात म्हणून आमच्याकडचे केंद्रवाले संगणक गोठवून ठेवतात. दिवसभर काहीही करा, बंद करून चालू केला की पुन्हा होता तसा. काही टिकवायचं तर आधी गोठवण उघडावी लागते. याबाबतीत बाई फार कडक होत्या.

येनीची फुप्फुसं अधू होती. आमच्याकडे थंडी जूनमध्ये पडते; तशाच एका रविवारी ती चौथ्या संगणकावर दिवसभर बसली. आई जवळ आली की पडदा हाताने झाकायची.

"बघू नकोस. उद्या वाढदिवस ना तुझा? शेपूट राहिलंय. झालं की गोठवण उघडून कायमचं बसवते."

"शेपूट? गाढव काढलंस वाटतं मला!"

"गाढव निदान कुणाचं तरी ऐकतं."

संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. मी टॅक्सी आणली. बाईंनी तिला शाल गुंडाळली, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, मेन स्विच खाली ओढला आणि शटर पाडलं. रोज केंद्र बंद करताना त्यांचे हात हेच करायचे.

टॅक्सीत येनीने विचारलं, "आई, चौथा चालू आहे ना?"

बाईंचा हात तिच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. "आहे गं राणी. चालूच आहे."

येनी परत आली नाही.

पाचव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे तिचे कपडे नदीवर धुऊन आल्यावर, बाईंनी चौथा संगणक सुरू केला. हमिंगबर्ड आला. हात आला. गिनिपिग फिरला. नवं काहीच नव्हतं. दुरुस्तीवाल्याने बराच वेळ शोधलं आणि नकारार्थी मान हलवली.

"सगळं नको," बाई त्याला म्हणाल्या. "शेपटाशिवाय होतं तेवढं तरी?"

मी त्याला चहा प्यायला बाहेर नेलं.

परत आलो तेव्हा बाईंनी चौथ्याची गोठवण उघडली होती. ती त्यांनी पुन्हा लावली नाही. आता पोरं त्यावर वाट्टेल ते ठेवतात. परवा कुणीतरी हमिंगबर्ड काढून फुटबॉल बसवला. मी तो बदलायला निघालो.

"राहू दे, साहेब," बाई म्हणाल्या. "कुणीतरी बसून केलंय ते."