एकही गिऱ्हाईक न गमावलेले साडूभाऊ

अख्ख्या जालना जिल्ह्यात आजवर एकही गिऱ्हाईक न गमावलेला विक्रेता एकच, आणि ते माझे साडू आहेत. विकलं किती, हे मात्र कृपा करून विचारू नका. भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात वीस वर्षं ते एका कंपनीच्या कडबाकुट्ट्या, म्हणजे कडबा कापायची यंत्रं, विकत फिरले. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी ठरलेली जागा, मांडीवर माहितीपत्रकांची पिशवी आणि गावोगावचा चहा पिऊन पोटात कायमचं वस्तीला आलेलं पित्त. चहा नको म्हटलं की माणूस दुखावतो, असं त्यांचं ठाम मत. एकदा केदारखेड्याला यंत्र दाखवायला गेले आणि गिऱ्हाइकाची हरवलेली म्हैस दिवसभर शोधून, पिशवीही न उघडता परत आले. "अहो, मशिनचं काय झालं?" मी विचारलं. "म्हैसच सापडली न्हाई, तिथं कुट्टीचा विषय कसा काढता, साडूभाऊ?" मलाच लाज वाटली.

आमच्याकडे तोंडावर 'नको' म्हणायची रीत नाही. 'बघू', 'पोराला इचारतो', 'सोयाबीन निघू द्या' असं म्हणतात आणि समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. साडूभाऊ समजून घेत नसत. त्यांच्या वहीत हे सगळे सौदे 'होणार' म्हणून चढत.

मग कंपनीनं फोनवरचं सॉफ्टवेअर आणलं. सौदा बुडाला की त्यापुढे 'गेला' असं दाबायचं, खाली कारण निवडायचं आणि साहेबांनी ऑफिसात बसून एक बटन दाबलं की त्या पट्ट्यातली सगळी कारणं समोर हजर. साडूभाऊंच्या पट्ट्याचं बटन दाबलं तर 'एकही नोंद नाही'. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून पुण्याचा इंजिनियर दोन दिवस खपला. शेवटी साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते म्हणाले, "हे कसं वापरायचं त्याची मराठी पुस्तिका तुम्हीच लिहून आणा, म्हणजे शिकाल. सोमवारपर्यंत झाली नाही, तर पट्टा दुसऱ्याला."

साडूभाऊ पुस्तिकेचं काम घेऊन माझ्याकडे आले. तुंबलेल्या गटारीबद्दलची माझी दोन पत्रं पेपरात छापून आल्यापासून घराण्यातला साहित्यिक मीच आहे. मीही बाह्या सरसावल्या. तिसऱ्या पानावर तर मी झोकात लिहिलं: 'गिऱ्हाईक "बघू" म्हणाल्यास सौदा गेला असे समजावे.' पुढे नमुन्यासाठी एक खरा गेलेला सौदा हवा होता.

"सांगा एखादा."

"गेलेला न्हाई ना एकबी. समदे चालू हैत."

"वहीतले हे केदारखेड्याचे दगडूबा? चार वर्षं झाली याला."

"बघू म्हनले व्हते."

"मग नंतर भेटले का?"

"कुठून भेटतील? वारले ना ते. मी दहाव्याला गेल्तो."

"आणि सौदा चालू?"

"त्यांचं पोरगं म्हनलं, बघू."

आतून बायको ओरडली, "दाजी, मेलेल्या मानसाला कुट्टी विकून राह्यले का तुम्ही?"

साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी फोनवर दगडूबांच्या नावापुढे 'गेला' दाबलं. कारणांची यादी आली: भाव जास्त, दुसरीकडून घेतली, गरज नाही, इतर. त्यांनी 'इतर' निवडलं आणि एका बोटानं लिहिलं, 'माणूस चांगला होता.' मी कारणांचं बटन दाबलं. सॉफ्टवेअरनं इमानदारीत तेच वर काढलं. पुस्तिकेत नमुना म्हणून तेच छापलं आहे.

तिथं थांबायला हवं होतं. पण साहित्यिकाला चेव चढला. म्हटलं, सगळेच निकालात काढू. रविवारची अख्खी दुपार मी नावं वाचत गेलो आणि ते 'गेला' दाबत गेले. हातातल्या चहावर साय धरली. उभ्या जन्मात त्यांनी न प्यायलेला तो पहिला चहा.

सोमवारी साहेबांनी बटन दाबलं. यादी संपता संपेना. पुस्तिकेचं कौतुक झालं आणि त्याच आठवड्यात पट्टा बंद झाला. आता साडूभाऊ जालन्याच्या दुकानात काउंटरमागे बसतात. तिथं चहा कोणी विचारत नाही. "पुस्तिका लई बराबर लिहिली, म्हनले साहेब," एवढंच ते मला म्हणाले. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

दिवाळीत मी त्यांना फोन केला. म्हटलं, "फराळाला या, साडूभाऊ." त्यांनी आधी घरच्यांची खुशाली विचारली. मग म्हणाले, "बघू."

पुस्तिकेचं तिसरं पान मीच लिहिलेलं आहे. तरीही त्यांच्या वाट्याच्या करंज्या बायकोनं डब्यात काढून ठेवल्या. आता दिवाळी होऊनही बरेच दिवस झाले. काल तिनं विचारलं, "हा डबा रिकामा करू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "चालू आहे अजून."