बुडत्या पुंजक्यांची बाई

आमच्या घरात दोन कारागीर. मी शिंपी, आणि बायको बॅक्टेरियांच्या मागे लागलेली. माझं दुकान घराच्या तळमजल्यावर, तिची प्रयोगशाळा तलावाच्या काठावर. "वहिनी नेमकं करतात तरी काय?" असं कुणी विचारलं की लग्नानंतरची काही वर्षं मी "पाण्याच्या खात्यात आहे" म्हणून वेळ मारून न्यायचो. पुढे मला स्वतःला कळलं, तेव्हा बोलायला लागलो, तो अजून थांबलेलो नाही. माप देताना गिऱ्हाइकाला हलता येत नाही, त्यामुळे बिचारा ऐकून घेतो.

तर, तलावात मेलेलं शेवाळ, बारक्या जिवांची घाण, चिकट बुळबुळ असं सगळं एकमेकांना धरून त्याचे पुंजके होतात. माझ्या मशिनखाली धाग्यांची लव साठून गोळा होतो ना, थेट तसे. हे पुंजके सावकाश तळाकडे निघतात. वाटेत त्यांच्यावर बॅक्टेरिया चढतात आणि खात सुटतात. जे खाल्लं त्यातला बराच कार्बन वायू होऊन पाण्यात आणि पुढे हवेत परत जातो. जे उरलं ते तळाच्या गाळात गाडलं जातं. वाटेत किती संपतं आणि तळाला किती पोचतं, एवढाच माझ्या बायकोचा प्रश्न. एवढ्याशा प्रश्नावर एका बाईचं आयुष्य मजेत जाऊ शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिच्याकडे काचेची जाडजूड नळकांडी आहेत. तलावाचं पाणी भरून ती आडवी ठेवतात आणि रुळांवर संथ फिरवत राहतात. फिरत्या पाण्यात पुंजके पडत राहतात, पण तळ काही त्यांना सापडत नाही. हवा तेव्हा एखादा पुंजका बाहेर काढायचा आणि केसासारख्या बारीक सुईने तो किती प्राणवायू ओढतोय ते मोजायचं. जितका जास्त ओढला, तितकं वरचे बॅक्टेरिया जास्त खातायत. यातला कळीचा भाग म्हणजे पुंजका बाहेर काढणं. नळकांडं हळूच उभं करायचं, लांब दांड्याची काचेची पळी आत सोडायची आणि पडत्या पुंजक्याखाली सरकवून त्याला अलगद उचलायचं. जरा धक्का लागला की त्याचा भुगा. अख्ख्या प्रयोगशाळेत हे एकट्या हिला जमायचं. त्याचा हिला गर्वही होता. तो ती लपवायची नाही आणि मीही तिला कधी टोकलं नाही.

गेल्या वर्षी तिचा उजवा हात थरथरायला लागला.

मला आधी कळलं ते चहाच्या बशीमुळे. कप बशीवर ठेवताना तो हल्ली वाजायचा. मी विचारलं तर म्हणाली, "बशीच वाकडी आहे." डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण ही थरथर जाणारही नाही. घरी आल्यावर तिने मला दम भरला.

"अहो, हे बाहेर बोलायचं नाही. गिऱ्हाइकांपुढे तर मुळीच नाही."

"अगं, पण साहेबाला सांगायला नको का?"

"सांगितलं की तो मला टेबलाशी बसवणार. लोकांचे अहवाल तपासायला. मी मरेन तिथं."

साहेब म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. आता प्रयोगशाळेचा प्रमुख झालाय, तरी हिला ताईच म्हणतो. माणूस भला आहे, आणि भीती नेमकी तीच होती. प्रेमाने खुर्ची पुढे केली असती त्याने, आणि प्रेमाने दिलेल्या खुर्चीवरून उठणं फार अवघड. संध्याकाळी पुंजक्यांबद्दल न बोलणारी बायको घरात असण्याची मला सवयच नव्हती.

पुढचे काही आठवडे ती रोज पडेल चेहऱ्याने घरी यायची. पळी थरथरायची, पाणी ढवळलं जायचं, पुंजके फुटायचे. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती मला म्हणाली, "चला माझ्याबरोबर. तुमचा हात स्थिर आहे."

मी छाती फुगवून गेलो. सुईत दोरा ओवण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस मी, एक पुंजका उचलायला असा कितीसा वेळ लागणार! पळी आत सोडली आणि एका टपोऱ्या पुंजक्यामागे लागलो. तो डावीकडे सरकला. मी डावीकडे गेलो, तो उजवीकडे. मी जरा घाई केली आणि त्याचा चुरा झाला. दुसऱ्याचंही तेच. कापड कसं, ओढलं की आपल्याकडे येतं. इथं हात पुढे केला की पाणीच त्याला पुढे ढकलायचं. बायको आधी ओठ चावत होती, मग तिला हसू आवरेना. कित्येक दिवसांनी ती हसत होती. माझा मात्र पारा चढला.

"घे तुझी पळी!" मी म्हणालो आणि दांडा बाहेर ओढायला लागलो.

"अहो, थांबा. हलू नका. अजिबात हलू नका."

मी पळी धरून पुतळ्यासारखा उभा राहिलो. वरून एक पुंजका येत होता. मागे त्याची लांब, विरविरीत शेपटी. तो आला, आला आणि आपल्या पायांनी चालत यावा तसा पळीत येऊन बसला. शेपटीसकट.

"पडतातच की हे," बायको हळूच म्हणाली. "मी कशाला धावतेय यांच्या मागे?"

दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. माझ्या जागी तिने एक लोखंडी स्टँड आणला, पळी त्यात घट्ट बसवली आणि वरखाली करायला एक स्क्रू लावला. पुंजका आपण होऊन पळीत उतरला की स्क्रू फिरवत वर घ्यायचा. हात थरथरला तरी स्क्रूला त्याचा पत्ता लागत नाही. माझा जीव भांड्यात पडला.

पण आकडे विचित्र यायला लागले. पुंजके पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू ओढत होते. तिला वाटलं सुई बिघडली. सुई बदलली, तरी तेच. मग तिने एका पुंजक्याची शेपटी मुद्दाम तोडून पाहिली, आणि आकडा झटकन जुन्या जागी आला. बॅक्टेरियांचा मोठा जमाव त्या शेपटीत होता. इतकी वर्षं हिच्या त्या नावाजलेल्या स्थिर हाताने उचलतानाही पळीच्या ओढीने शेपटी तुटतच होती, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

ती धावत दुकानात आली. मी एकाच्या पँटचं माप घेत होतो. "अहो, माझं आत्तापर्यंतचं सगळं मोजमाप चुकलंय!" हे तिने बारशाचं आमंत्रण द्यावं अशा आवाजात सांगितलं. आपण जन्मभर शिवलेल्या सगळ्या पँटी तोकड्या होत्या असं मला कळलं असतं, तर मी अंथरूण धरलं असतं. ही बाई आनंदाने लालबुंद झाली होती.

त्याच दिवशी ती साहेबासमोर जाऊन उभी राहिली. काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. तिने आधी आकडे दाखवले, आणि मग उजवा हात त्याच्यापुढे धरला. हात थरथरत होता. साहेबाने हात पाहिला आणि आकडे परत एकदा वाचून काढले.

"ताई, म्हणजे आपली सगळी जुनी मोजमापं परत घ्यायची?"

"सगळी. प्रत्येक ऋतूतली, पाण्याच्या प्रत्येक खोलीवरची."

"याला तर कैक वर्षं लागतील. करणार कोण?"

"शेपटी न तोडता उचलायला आजमितीला कुणाला येतं?" हिने विचारलं.

साहेबाने कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. टेबलाचा विषय त्याने काढलाच नाही.

संध्याकाळी ती घरी आली ती तडक दुकानात. अंगातला पांढरा कोट काढून तिने माझ्या मशिनवर टाकला. कोपरं झिजली होती, खिसा उसवला होता.

"हा काही आता पुरायचा नाही," ती म्हणाली. "नवा शिवा. चांगल्या जाड कापडाचा."