मुलुंडच्या कारखान्यातला डांबरगोळ्यांचा वास

आधीच सांगते... भूतबित, अंगात येणं वगैरे गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. माती तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी माझी. मशीन दाखवेल तेवढंच खरं! पण मुलुंडचा तो दिवस अजून पचत नाही.

एलबीएस रोडच्या आत एक रंगाचा कारखाना कधीचा बंद पडलाय. तिथली माती खणली तर काळी, तेलकट. भिंतीला लागून सावंतकाकांचं गॅरेज — मग काय, सगळ्यांनी परस्पर ठरवलं की गाड्यांचं जुनं तेल मुरलंय. आमच्या रिपोर्टमध्ये तसं आलं की गॅरेजला टाळं. काका बिचारे सारखे म्हणायचे, "बाय, मी थेंब पण सांडूक नाय गो." आणि आम्ही शहाण्यांनी नमुने घेतले ते सगळे भिंतीजवळचेच!

आमच्या कांबळे मॅडम या कामात बाप आहेत. पण कोविडमध्ये त्यांचं नाक गेलं ते गेलंच. त्या सकाळी माती खणायला आलेल्या ड्रिलवाल्यांनी भिंतीपाशी नारळ फोडून अगरबत्ती लावली, तर मॅडम मला विचारतायत, "मोगरा आहे का गं?" चंदन होतं.

मग पार दुसऱ्या टोकाला, गवतात, त्या एकदम थांबल्या. "डांबरगोळ्या... अगं, बाबांच्या शर्टाचा वास!" त्यांचे बाबा याच कारखान्यात होते, वारून बरीच वर्षं झाली. मी नाकपुड्या फुगवून पाहिल्या. काही नाही हो!

"इथे खणा."

"नारळ तिकडे फोडलाय मॅडम," ड्रिलवाला अडून बसला. मॅडमनी दुसरा नारळ आणवला.

खाली निघाली गंजून फुटलेली टाकी, कोळशाच्या डांबराची. डांबरगोळ्या बनतात त्याच डांबराची. मी नाचायचीच बाकी होते! मॅडम मात्र म्हणाल्या, "वास हा पुरावा नाही." टाकीतलं डांबर, भिंतीजवळची माती, काकांचं तेल, सगळं लॅबमध्ये शेजारी शेजारी तपासायला लावलं. प्रत्येकातल्या घटकांचं प्रमाण वेगळं असतं, बोटांच्या ठशांसारखं. माती जुळली टाकीशी; तेच डांबर झिरपत झिरपत भिंतीपर्यंत आलं होतं. काका सुटले, मॅडमपुढे हात जोडून रडलेच. मानलं बाईंना!

पण तो वास? मी नंतर मुद्दाम डांबरगोळी मॅडमच्या नाकाशी धरली. ढिम्म. म्हटलं, बाबांनी टाकीचं कधी सांगितलं असेल... तर छे, ते घरी कामाचं बोलायचेच नाहीत. आता हे कुठल्या मशीनमध्ये घालून बघायचं?

"परत कधी आला का हो तो वास?" मी एकदा विचारलं.

"नाही गं. बाबांचा एक शर्ट अजून कपाटात आहे. रोज हुंगून बघते."