एका खिळ्यावरचा पाना

बहात्तर साली मी सोलापूरच्या एका गिरणीत अप्रेंटिस होतो. तिथं हत्यारांच्या खिडकीत एक म्हातारा बसायचा. आम्ही त्याला नुसतं मामा म्हणायचो. आपला पितळी बिल्ला दिला की तो हत्यार द्यायचा आणि त्या हत्याराच्या रिकाम्या खिळ्याला बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी हत्यार परत दिलं की बिल्ला आमच्या तळहातावर ठेवून वर बोटंही मिटवायचा. मला राग यायचा. मी काय लहान मूल होतो?

एका खिळ्यावर मात्र पाना आणि बिल्ला दोन्ही लटकत असायचे. एकदा विचारलंच, "मामा, हे असं का?"

"मागच्या एका अप्रेंटिसचा हाय. मशिनीत सापडून गेलं पोरगं. पाना तेवढा परत आला. बिल्ला कुणाच्या हातात दिऊ?"

त्या संध्याकाळी त्यानं माझी बोटं मिटवली, तेव्हा मी हात ओढून घेतला नाही. त्यालाही तो सोडवेना.